'आल्यापासून' की 'आल्यामुळे'?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ४७ वर्षांच्या आहेत. शाळा धाराशिव जिल्ह्यात, मराठी माध्यमात; पुढे बी.कॉम. पुण्याजवळच्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात १४ वर्षं नोकरी. एप्रिलमध्ये नवे मॅनेजर आले. वयाने बरेच लहान, मराठी न येणारे. त्यांनी दर सोमवारी सकाळी जाणाऱ्या रिपोर्टचा फॉरमॅट बदलला आणि त्यात दुसऱ्या प्लँटचे आकडे घालायला सांगितले. ते आकडे सोमवारी दुपारी तीननंतर येतात, म्हणून रिपोर्ट रखडू लागला. बाईंनी मेल लिहिला: 'सिन्स यू हॅव जॉइन्ड, द मंडे रिपोर्ट इज गोइंग लेट.' उत्तर एकाच शब्दाचं आलं, 'नोटेड', आणि सीसीमध्ये मॅनेजरांचे वरिष्ठ. त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, 'आय अ‍ॅम डूइंग धिस सिन्स फोर्टीन इयर्स.' पलीकडून एक ट्रेनी पुटपुटला, 'फॉर.' दोघं-तिघं हसले. त्या दिवसापासून बाई मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. मुलगी म्हणते, स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. फी १८,००० रुपये. यजमान म्हणतात, लक्ष देऊ नकोस. बाई विचारतात: माझं इंग्रजी इतकं वाईट आहे का? मॅनेजरांची माफी मागू का? की हा 'सिन्स' वापरणंच बंद करू?

ताई,

तुम्ही दोन दुखणी वेगवेगळी लिहिलीत, एक मेलचं आणि एक हशाचं. मला वाटतं दोन्हींची गाठ एकच आहे. पण ती सोडवायच्या आधी तुमचा मेल मराठीत करून पाहू.

'तुम्ही आल्यापासून सोमवारचा रिपोर्ट उशिरा जातोय.'

मोठ्याने वाचा एकदा. कसं वाटतं कानाला? माझ्या आजीच्या वाड्यात एक बाई होत्या. त्या ओट्यावर बसून, गहू निवडता निवडता, अगदी सहज आवाजात म्हणायच्या, 'थोरली आल्यापासून आमच्याकडे दूध पुरत नाही हो.' व्याकरणाने पाहिलं तर ही नुसती तारीख आहे. थोरल्या सुनेचं लग्न कधी झालं आणि दूध कधीपासून पुरेनासं झालं, एवढंच त्यात आहे. पण वाड्यातल्या एकाही बाईने ती तारीख म्हणून ऐकली नाही, आणि आत चुलीपाशी उभ्या असलेल्या थोरलीने तर नाहीच नाही. ('पासून'च्या पोटात 'सून' आहे हा योगायोगच, पण मला तो कधी निरागस वाटलेला नाही.)

म्हणून तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीतक मला जरा बाजूला ठेवावंसं वाटतं. तुम्ही धरून चाललात की इंग्रजी कच्चं म्हणून गैरसमज झाला. पण मॅनेजरांना मराठी येत असतं आणि तुम्ही हेच वाक्य शुद्ध, सुंदर मराठीत लिहिलं असतं, तरी ते त्यांना लागलंच असतं. 'अमुक आल्यापासून' याच्यापुढे तक्रार जोडली की ऐकणाऱ्याच्या मनात 'पासून'चं 'मुळे' व्हायला क्षणही लागत नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. 'सिन्स'चं कूळ पाहिलं तर मजा येते. जुन्या इंग्रजीत 'सिथ्थन' असा शब्द होता. त्यातला 'सिथ' म्हणजे नंतर आणि मागचा तुकडा म्हणजे 'त्या', मिळून 'त्यानंतर'. पुढे त्याच्या शेवटी एक 'स' चिकटला, 'वन्स' आणि 'ट्वाइस' यांच्या शेपटाला आहे तोच. मधली अक्षरं झिजली आणि 'सिन्स' उरला. पण नंतर घडलेल्या गोष्टीला आधीची गोष्ट कारणीभूत मानायची माणसाला खोडच असते, त्यामुळे तोच शब्द 'ज्या अर्थी' या अर्थानेही वापरला जाऊ लागला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या काही लेखकांनी कामं वाटून द्यायचा प्रयत्न केला: काळासाठी 'सिन्स', कारणासाठी त्याचाच आखूड भाऊ 'सिथ'. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये हा 'सिथ' कारण सांगताना भेटतो. पुढे 'सिथ' वापरातून गेला आणि दोन्ही ओझी 'सिन्स'च्याच डोक्यावर आली. आजही तो ती वाहतोय.

जर्मन लोकांचा 'वाइल', म्हणजे 'कारण की', हाही मुळात वेळेचाच शब्द, इंग्रजी 'व्हाइल'च्या घराण्यातला. आणि आपण? 'आभाळ भरून आलंय, तेव्हा छत्री घे.' यातला 'तेव्हा' घड्याळातला आहे का? 'तेव्हा आपण वेळेवर उपस्थित राहावे' असं सोसायटीच्या नोटिशीत असतं, तिथे तो सरळसरळ 'म्हणून' आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली तर दोष कावळ्याला देऊ नये, हे आपली म्हण सांगते. आपली भाषा मात्र तो रोज देते.

आता ती गाठ. एकच शब्द काळ सांगतो आणि कारणही, मग इंग्रजीत ऐकणारा ओळखतो कसा? बहुतेक वेळा वाक्याच्या दुसऱ्या भागातल्या क्रियापदावरून. तिथे 'हॅव बीन', 'हॅज बीन' असं काही आलं की त्याचं मन वेळेकडे वळतं. साधा चालू वर्तमानकाळ आला की कारणाकडे. 'सिन्स यू आर हिअर, लेट अस हॅव टी' म्हणजे 'आलाच आहात तर चहा घेऊ'. इथे कुणी तारीख विचारत नाही. तुमच्या मेलमध्ये होतं 'इज गोइंग लेट'. त्या क्रियापदाने वेळेचं दार आतून लावून घेतलं आणि कारणाचं दार सताड उघडं राहिलं. मॅनेजरांनी वाचलं असणार: 'ज्या अर्थी तुम्ही रुजू झाला आहात, त्या अर्थी रिपोर्ट लेट जातोय.' 'नोटेड' का आलं ते आता कळतं.

आणि मीटिंगमधलं वाक्य? 'आय अ‍ॅम डूइंग धिस सिन्स...' क्रियापदाची ठेवण तीच. तुम्ही मराठीत 'करतेय' म्हणता, म्हणून इंग्रजीत 'अ‍ॅम डूइंग'. मराठीत चौदा वर्षं चालू असलेलं काम आणि आत्ता चालू असलेलं काम एकाच 'करतेय'मध्ये बसतं. इंग्रजीत पहिल्यासाठी 'हॅव बीन डूइंग' लागतं. आपला 'पासून' तर फारच उदार. २०११पासून, चौदा वर्षांपासून, पुण्यापासून, दुधापासून, इतकंच काय, कुत्र्यापासून सावध. सगळ्यांना एकच 'पासून'. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' आणि मोजलेल्या अवधीला 'फॉर'.

म्हणजे तुमची चूक ही मराठी व्याकरणाची इंग्रजी कपड्यातली फेरी आहे. हिंदीवाल्यांचं 'पाँच साल से' त्यांना नेमकं तिथेच नेतं, त्यामुळे हे वाक्य भारतभर ऐकू येतं. जर्मन माणसालाही 'जाइट' हा एकच शब्द क्षण आणि अवधी दोन्हींना चालतो, आणि वर त्याचं क्रियापद आपल्यासारखंच वर्तमानकाळात असतं. इंग्रजी शिकताना तोही हमखास इथेच घसरतो. त्याला कुणी क्लास लाव म्हणत असेल की नाही, कोण जाणे.

पण 'हे आपलं भारतीय इंग्रजी, कशाला बदला' असं सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. बोलताना त्याने काही बिघडत नाही, समजतंही सगळ्यांना. लिहिताना मात्र ते खटकतं, आणि तुमच्या मेलमध्ये तर अर्थच फिरला. माझा अनुभव सांगते. पहिल्या भाषांतराचे पैसे मिळेनात म्हणून मी एका प्रकाशन संस्थेला खरमरीत पत्र पाठवलं होतं, 'सिन्स थ्री मन्थ्स आय अ‍ॅम वेटिंग' अशी सुरुवात करून. पत्र परत आलं. 'सिन्स'भोवती लाल शाईचं गोल वर्तुळ, समासात 'फॉर'. चेक नव्हता. त्या वर्तुळाचा राग मला पुढे कितीतरी दिवस होता, पण 'फॉर' मात्र पक्का झाला.

तो पक्का करायला १८,००० रुपये लागत नाहीत. एक युक्ती सांगते, तीही मराठीतून चालणारी. वाक्य आधी मनात मराठीत म्हणा आणि त्यातला 'पासून' काढून टाका. 'चौदा वर्षांपासून मी हे काम करतेय' यातून 'पासून' गेला तर 'चौदा वर्षं मी हे काम करतेय'. वाक्य उभं आहे. मग इंग्रजीत 'फॉर'. '२०११पासून मी हे काम करतेय' यातून काढा: '२०११ मी हे काम करतेय'. कोसळलं. मग 'सिन्स'. 'दोन तासांपासून वाट बघतेय', 'दोन तास वाट बघतेय': उभं, 'फॉर'. 'सकाळपासून', 'लहानपणापासून', 'गेल्या सोमवारपासून', 'नोकरीला लागल्यापासून': यांतून 'पासून' काढला की हातात काही उरत नाही, म्हणून सगळीकडे 'सिन्स'. 'बऱ्याच दिवसांपासून'चं 'बरेच दिवस' होतं, म्हणजे 'फॉर'. गंमत म्हणजे जिथे आपला 'पासून' गळतो तिथे बोलण्यात इंग्रजांचा 'फॉर'ही गळतो. 'आय हॅव बीन हिअर फोर्टीन इयर्स' हे वाक्य अगदी चोख आहे. ऐन वेळी गोंधळ झाला तर दोन्ही सोडून द्या आणि एवढंच म्हणा.

दुसरी सवय क्रियापदाची. वाक्यात 'पासून' किंवा 'गेली इतकी वर्षं' आलं आणि गोष्ट अजून चालू असली, की इंग्रजीत 'हॅव' किंवा 'हॅज' हवंच. 'करतेय'ला 'हॅव बीन डूइंग', 'ओळखते'ला 'हॅव नोन'. 'सिन्स'च्या पुढे जी घडून गेलेली घटना येते, तिला मात्र साधा भूतकाळ पुरतो: 'सिन्स आय जॉइन्ड'. तुमच्या मेलमध्ये हे नेमकं उलटं पडलं होतं. 'हॅव' पहिल्या अर्ध्यात गेलं आणि जिथे हवं होतं तिथे 'इज' राहिलं.

'सिन्स' सोडून द्यायची गरज नाही. कारण सांगताना मात्र तो टाळा. कारणाला सरळ 'बिकॉज' लिहा. उद्धट वाटेल ही भीती मला अनेक पत्रांत दिसते, ती निराधार आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांतही हाच सल्ला आहे, 'सिन्स' काळापुरता ठेवा म्हणून. 'अ‍ॅज'च्या आडोशाला जाऊन उपयोग नाही, तोही असाच दुहेरी आहे. (पुष्कळ वाचक 'पर्यंत'बद्दलही विचारतात. 'शुक्रवारपर्यंत देते' म्हणजे 'बाय फ्रायडे', 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे' म्हणजे 'टिल फ्रायडे'. त्यावर पुन्हा कधीतरी.)

आता जरा नाजूक प्रश्न. रागावू नका. तो मेल लिहिताना तुमच्या मनात खरोखर नुसती तारीखच होती का?

तुम्हीच लिहिलंय की फॉरमॅट त्यांनी बदलला, विचारलं नाही, आणि चौदा वर्षांत रिपोर्ट एकदाही चुकला नव्हता. म्हणजे उशिराचं कारण काही अंशी ते आहेतच. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि 'सिन्स'ने ते तुमच्या परवानगीशिवाय बोलून टाकलं. मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मीही धुमसले असते. पण मग माफी कशाची मागायची? व्याकरणाची माफी मागितलीत तर मॅनेजरांना वाटेल, बाई मूळ मुद्दा टाळताहेत. आरोपाची मागितलीत तर फॉरमॅटचा प्रश्न तसाच राहील आणि पुढच्या सोमवारीही तीन वाजतीलच. यजमान म्हणतात तसं लक्ष न देणं मला त्याहून धोक्याचं वाटतं, कारण सीसीमध्ये वरचे साहेब आलेत. ती फाइल तुम्ही मिटवल्याशिवाय मिटणार नाही.

माझं मत असं: माफी नको, खुलासा करा, आणि तोही आधी तोंडी. त्यांच्या टेबलापाशी जा. 'माझ्या मेलचा सूर तुमच्यावर ठपका ठेवल्यासारखा झाला, तसं म्हणायचं नव्हतं. अडचण दुसऱ्या प्लँटच्या आकड्यांची आहे.' एवढं मोडक्यातोडक्या इंग्रजीत किंवा हिंदीत म्हटलंत तरी चालेल. समोर चेहरा असला की क्रियापदाकडे कुणी बघत नाही. मग त्याच दिवशी मेल, त्याच लोकांना सीसी करून:

'सिन्स द फॉरमॅट चेंज्ड इन एप्रिल, द मंडे रिपोर्ट हॅज बीन गोइंग आउट लेट. द अदर प्लँट्स फिगर्स रीच मी ओन्ली आफ्टर थ्री ऑन मंडे. कॅन वुई सेंड इट ऑन ट्यूजडे मॉर्निंग?'

पाहा, 'सिन्स' अजून आहे. फक्त त्याच्यापुढे माणसाऐवजी फॉरमॅट बसवलाय. फॉरमॅटला राग येत नाही. मॅनेजर हुशार असतील तर फॉरमॅट कुणी बदलला ते त्यांना आठवेलच, पण ते आठवणं त्यांच्यावर सोडलेलं आहे. तुमच्यासारख्या अडचणीत असलेल्या इतरांनाही हेच सांगेन: 'सिन्स'च्या किंवा 'पासून'च्या अलीकडे-पलीकडे माणूस येत असेल तर लिहिताना थांबा, आणि त्या जागी घटना, वस्तू किंवा तारीख बसते का पाहा. घरातही. 'तुला नोकरी लागल्यापासून घरात कुणी एकत्र जेवत नाही' याऐवजी 'जूनपासून आपण एकत्र जेवलो नाही' म्हणून बघा. उत्तर वेगळं येतं.

राहिला तो ट्रेनी. तो पुटपुटला ते बरोबर होतं आणि पुटपुटायची वेळ चुकीची होती. त्याला कदाचित कळलंही नसेल की त्या एका 'फॉर'ने चौदा वर्षं काम केलेला माणूस गप्प झाला. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना स्वतःला 'फॉर' आणि 'सिन्स'मधला फरक लिहून दाखवायला सांगितला तर कागद कोराच येईल, असा माझा अंदाज आहे. पण या वादात पडू नका. इंग्रजीत 'सिन्स व्हेन?' असा एक टोमणा आहे, थेट आपल्या 'कधीपासून?'सारखा. 'तू कधीपासून इंग्रजीचा मास्तर झालास?' असं तुमच्या जिभेवर येईल. गिळा. डिस्पॅचमधलं त्याला काही येत नाही आणि तुम्हाला सगळं येतं, हे त्याला महिन्याभरात कळेलच. मग त्याला ई-वे बिल शिकवताना तुम्ही मराठीत हवं तितकं कडक बोला.

क्लासचं म्हणाल, तर मुलीचा हेतू चांगला आहे, आणि तुम्हाला इंग्रजीत पुस्तकं वाचायची, गप्पा मारायच्या हौस असेल तर जरूर जा. दोन शब्दांच्या जखमेसाठी मात्र जाऊ नका. त्यापेक्षा मुलीला रोज रात्री दहा मिनिटं बसवा आणि दिवसभरात पाठवलेला एक मेल तिच्याबरोबर वाचा. ती फी घेणार नाही, फार तर डोळे फिरवेल.

पुढच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोलाल तेव्हा भाषेवर काही बोलू नका, आकड्यांवर बोला. किती गाड्या गेल्या, किती अडकल्या, का अडकल्या. बोलता बोलता पुन्हा 'सिन्स फोर्टीन इयर्स' गेलं आणि पलीकडून पुन्हा 'फॉर' आलं, तर मान न वळवता 'येस, फॉर' म्हणा आणि पुढच्या गाडीचा नंबर सांगा.